शेजाऱ्याच्या बागेतला बुधवार

१२ जून

तीर्थरूप आणि प्रसंगी अग्निरूप आत्यास,

लांबूनच वाकून नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितेय. मागच्या खेपेला तूच म्हणालीस ना, "फोनवर नुसतं हो हो करतेस आणि मागे कीबोर्डची टकटक चालू असते." बरोबर आहे तुझं. शिवाय काकांनी जन्मभर टपाल वाटलंय. त्यांच्या दारी पत्र आलं की निदान एक माणूस तरी खूश होतो.

काम आहे. (बिनकामाचं मी कधी लिहिते, हे विचारू नकोस.) मी विद्यापीठाच्या ज्या कृषी विस्तार केंद्रात माहिती अधिकारी म्हणून लागलेय, ते बंद करायचं घाटतंय. केंद्र म्हणजे काय, दोन खोल्या. एक माती तपासायचं टेबल, एक फ्रीज, ज्यात आमच्या डब्यांना खेटून किड्यांच्या बाटल्या असतात, आणि दाराबाहेर येणाऱ्यांसाठी एक बाक. विद्यापीठात काही नवं सापडलं की ते शेतापर्यंत न्यायचं, आणि शेतातलं दुखणं विद्यापीठापर्यंत आणायचं. सल्ल्याचे पैसे नाहीत. कोणीही या, विचारा. पण विद्यापीठाचं नवं मंडळ म्हणतं, "या केंद्राने नेमकं केलं काय, ते दाखवा." पुढच्या महिन्यात अध्यक्ष स्वतः बघायला येणार आहेत.

माझ्याकडे दोन कामं आलीत. एक, केंद्राबद्दल पत्रक लिहायचं. दोन, "केंद्रामुळे माझं भलं झालं" असं तोंडाने म्हणणारा एक तरी माणूस शोधायचा. आत्या, सगळीकडे हिंडले! कांदेवाले म्हणतात, कांदा असा वाळवायची आमची पूर्वापार रीत. ती रीत आमच्या लोकांनी त्यांच्याच खळ्यावर उभं राहून दाखवली होती. टोमॅटोवाला म्हणतो, "खत कमी करावं असं मला आतूनच वाटलं." आतून कसलं, आमच्या माती तपासणीतून वाटलं! पण कोणाला आठवेल तर शपथ.

तुझी पेरूची बाग आमच्याच हद्दीत येते आणि तुला तोंड आहे. तेव्हा तू बोल ना. पत्रकाचा मसुदा सोबत पाठवतेय. केंद्र गेलं तर मला मुख्य कार्यालयात फायली लावायला बसवतील. मला इथेच राहायचंय गं.

तुझी,
टिटवी

१९ जून

चिरंजीव टिटवीस आशीर्वाद, आणि थोडी बोलणी.

पत्र मिळालं. काकांनी आधी तिकीट नीट चिकटवलंय का ते पाहिलं, मग मला दिलं.

तुझं पत्रक वाचलं. "शाश्वत कृषिविकासासाठी ज्ञान-हस्तांतरणाचे बहुआयामी व्यासपीठ." अगं बाई! मला वाटलं घरपट्टीची नोटीस आली. काकांना मोठ्याने वाचून दाखवलं तर ते मध्येच उठून पाणी पिऊन आले. एवढीशी होतीस तेव्हा दिवसभर टिवटिव करायचीस, पण निदान कळायची तरी. तुला विद्यापीठाने शिकवलं की बिघडवलं?

आता खरं सांगू का, राग मानू नकोस. तुमच्या केंद्राने माझ्यासाठी काय केलं? काही नाही. उलट मीच तुमच्या लोकांना शिकवलंय.

काही वर्षांमागे आमच्याकडे फळमाशीने नुसता उच्छाद मांडला होता. बाहेरून पेरू सोन्यासारखा, आत चिरला की वळवळ. फवारून फवारून आम्ही थकलो. तेव्हा तुमच्याकडून एक बाई यायची. काळा चष्मा, पायात पुरुषी बूट, गळ्यात भिंग. आम्ही तिला माशीवाली म्हणायचो. बिचारीला काऽऽही येत नव्हतं. सारखी मलाच विचारायची. "हा खाली पडलेला पेरू का पडला असेल हो?" मी म्हटलं, चिरून बघा. चिरला, आत अळ्या. "मग या अळ्या पुढे कुठे जात असतील?" मला काय माहीत! एका परातीत माती घेतली, वर तो पेरू ठेवला, फडकं बांधलं. थोड्या दिवसांनी बघितलं तर अळ्या पेरू सोडून मातीत शिरलेल्या, आणि पुढे त्याच मातीतून माश्या उडाल्या. काका दचकून मागच्या मागे खुर्चीत बसले. म्हणजे आम्ही झाडावर फवारतोय आणि माश्या पिकतायत आमच्याच पायाखाली! माशीवाली म्हणे, "अय्या, हो का?" मग मीच डोकं चालवलं. पडलेला पेरू अळी बाहेर यायच्या आत उचलायचा, काळ्या पिशवीत घट्ट बांधायचा आणि उन्हात टाकायचा. शिजून मरतात.

पण माझ्या एकटीने वेचून काय होणार? माशीला कुंपण थोडंच दिसतं. सगळ्या आळीने वेचायला हवं. माशीवालीने पत्रकं वाटली. लोकांनी त्यांत शेंगदाणे बांधले. मग मी नामी युक्ती काढली. माणसाचा स्वभावच आहे, आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. म्हटलं, वाकताच आहात तर पेरू उचला! तेव्हापासून नियम असा, रोजचं ज्याने त्याने आपलं बघायचं, पण बुधवारी प्रत्येकाने शेजाऱ्याच्या बागेत वेचायचं. बुधवारी बाजार बंद असतो आणि सगळे एकमेकांची उणीदुणी काढत घरी बसलेले असतात. ऐकून माशीवाली पुन्हा म्हणाली, "अय्या!" अगं, काय उत्साह म्हणून सांगू! शिंपीणबाई तर गवत बाजूला सारून सारून शेजारच्या मास्तरांकडचे सडके पेरू शोधते आणि मोठ्याने मोजते. दोन हंगामांत माशी आटोक्यात आली. आळीत त्याला "आत्याचा बुधवार" म्हणतात. आहे ना मान?

तेव्हा मी तुमच्या मंडळापुढे खोटं कसं बोलू? आणि ती माशीवाली अजून आहे का गं नोकरीत? तिला नमस्कार सांग. चहा मात्र मागून मागून प्यायची.

तुझी,
आत्या

२३ जून

आत्या, आत्या, आत्या!

पत्र वाचून मी ऑफिसात खुर्चीवरून उठून नाचले. ती माशीवाली म्हणजे आमच्या केंद्रप्रमुख बाई! आणि काऽऽही येत नव्हतं काय म्हणतेस? त्या फळमाशीवर डॉक्टर झाल्यात. जन्म गेलाय त्यांचा त्या माशीत. परात, माती, फडकं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांची पद्धतच आहे ती. सांगत नाहीत, विचारत राहतात. मग समोरच्याला वाटतं की आपणच शोध लावला. तुला मुळीच पत्ता लागला नाही, कमाल आहे!

म्हणजे तुझा बुधवार मुळात केंद्राचाच की! मला माणूस शोधत गावभर हिंडायची गरजच नव्हती, काखेत कळसा. आता तू मंडळापुढे येऊन एवढंच सांग, "मला यातलं काही माहीत नव्हतं, केंद्राने शिकवलं." बस. झालं काम. मी पत्रकातही घातलंय, तुझ्या फोटोसकट. प्रत सोबत आहे.

नाचणारी,
टिटवी

२९ जून

मा. माहिती अधिकारी,
विस्तार केंद्र, यांस

आपले पत्र मिळाले. बुधवार मुळात आपला असल्याचे समजले. तरी आपण समक्ष येऊन तो घेऊन जावा. अंगणात पिशव्यांशेजारी ठेवला आहे.

तो आपल्या ताब्यात मिळेपर्यंत आमच्या आळीत बुधवारी कोणी वाकणार नाही, याची नोंद घ्यावी. फोटो काढून टाकावा. मी त्यात डोळे मिटलेली आहे.

कळावे.

आपली,
अडाणी बागाईतदार

१० जुलै

चि. टिटवीस,

हे पत्र मी फिरायला जातो असं सांगून पेटीत टाकणार आहे. तुझ्या आत्याला कळलं तर मला शेजाऱ्याच्या बागेत झोपावं लागेल.

पोरी, काय लिहून बसलीस! पत्र वाचलं त्या दिवशी ती जेवताना एक शब्द बोलली नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. घाबरून मी भाजीला नावंसुद्धा ठेवली नाहीत. मग म्हणाली, "इतकी वर्षं सगळी आळी मला मानते आणि ती बाई मनातल्या मनात हसत असणार." तेच लागलंय तिला. बाकी काही नाही.

बुधवारी तिने घोषणा केली की बुधवार विद्यापीठाचा निघाला, तेव्हा विद्यापीठ येऊन वेचेल. लोकांनाही तेच हवं होतं. शिंपीणबाई आणि मास्तर आता आपापल्या अंगणात बसतात आणि एकमेकांच्या बागेकडे नुसतं बोट दाखवतात. झाडाखाली सडा पडलाय. परवा मी चांगला पिवळा पेरू बघून घेतला आणि चावल्यावर कळलं की आत आधीच कोणीतरी जेवतंय. तिने ते पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण उठली नाही.

यंदाचा बहार मोठा आहे. आणखी दोन-चार बुधवार असे गेले तर सगळ्या आळीचा पेरू जाईल. तुझं केंद्र राहो न राहो, हे आधी निस्तर.

तुझा,
काका

१३ जुलै

काका,

तुमचं पत्र वाचून जीव अर्धा झाला. फोन केला तर आत्या "नंबर चुकला" म्हणाली, तेही स्वतःच्या आवाजात.

शेवटी तुम्हा दोघांची पत्रं घेऊन बाईंपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. पण त्या एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बुधवार आपला आहे असं कोणी सांगितलं तुला? चार वाक्यांत तू माझी किती वर्षांची मेहनत पाण्यात घातलीस!" मी रडले. मग त्यांनी मला बिस्किटं दिली आणि बूट पुसायला घेतले. १७ तारखेच्या पहिल्या गाडीने तुमच्याकडे येतायत. मी येते म्हटलं, तर म्हणाल्या, "तू इथे बस आणि ते पत्रक फाड."

आत्याला काही सांगू नका. फक्त चहापूड आहे ना घरात, ते बघा.

तुमची,
टिटवी

१७ जुलै

टिटवे,

काकांनी तुला गुपचूप पत्र टाकलं, ते मला माहीत नाही असं समजून हे लिहितेय. तो माणूस फिरायला निघाला की खिशावर हात ठेवून चालतो. चाळीस वर्षं टपाल वाटून लपवता येत नाही ते नाहीच.

तर तुझी बाई आली. दारात उभी. चष्मा तोच, बूटही तेच असावेत. मी म्हटलं, "या डॉक्टरीणबाई. आज काय माहीत नाही तुम्हाला?" ती तशीच ओट्यावर बसली. म्हणाली, "हसायचं असेल तर मला हसा, पण आधी ऐकून घ्या."

म्हणाली, "माशी मला माहीत होती. लपवत नाही. पण नुसतं सांगून काय होतं, ते मी तुमच्या आधी तीन ठिकाणी बघितलं होतं. सांगितलं, पत्रकं वाटली, भाषणं केली. लोकांनी माना डोलावल्या आणि पेरू तिथेच सडले. माणसाने स्वतः परातीतली माशी उडताना बघितली तरच तो वाकतो, एवढं मला कळलं होतं. म्हणून विचारत बसले. पण बाई, एकटं माणूस वाकून भागत नाही, सगळी आळी एका दिवशी कशी वाकवायची, हे मला खरंच माहीत नव्हतं. कुठल्या पुस्तकात नव्हतं ते. शेजाऱ्याच्या बागेत वेचायचं, हे तुमचं. ते ऐकून मी दुसऱ्यांदा 'अय्या' म्हटलं ना, ते सोंग नव्हतं."

मग म्हणाली, "तेव्हापासून मी जिथे जाते तिथे तुमचा बुधवार नेते. डोंगरापलीकडच्या आंबेवाल्यांत सोमवार आहे, नदीकाठच्या भोपळेवाल्यांत शनिवार. सगळीकडे शेजाऱ्याच्याच मळ्यात. त्यांनी मला विचारलं की हे कोणी शोधलं, तर मी म्हणते, एक आत्या आहेत."

टिटवे, मला रडूच आलं. भोपळेवाल्यांत माझा शनिवार आहे आणि मला पत्ताच नाही! कांदा चिरायला घेतला, म्हणजे बाईला कळणार नाही. पण तिला कळलंच असेल. तिला सगळं कळतं, नुसती विचारत बसते.

दोन वेळा चहा झाला. तिसऱ्यांदा मीच विचारलं.

आज बुधवार नाही तरी सगळ्यांना बाहेर काढलं. शिंपीणबाई मास्तरांच्या कुंपणावरून उडीच मारायची बाकी होती.

आता तुझ्या मंडळाचं. मी तिकडे येणार नाही. त्यांना इकडे पाठव, बुधवारी. आणि तू येऊ नकोस. आलीस की भाषण करशील.

आत्या

२१ जुलै

माझ्या लाडक्या आत्या,

चुकले. एवढंच लिहिते, कारण जास्त लिहिलं की माझं काय होतं ते तू पाहिलंच आहेस.

येत्या बुधवारी बाई अध्यक्षांना घेऊन येतायत. मी ऑफिसात प्रोजेक्टर सांभाळत बसते. पण अध्यक्ष कसे आहेत ते सांगून ठेवते. ताठ माणूस, इस्त्रीची घडी मोडणार नाही. प्रत्येक गोष्टीला विचारतात, "याचा उपयोग काय, ते एका वाक्यात सांगा." केंद्र बंद करायचं त्यांनी मनात पक्कं केलंय, असं सगळे म्हणतात. तू काय बोलणार आहेस? सोबत काही मुद्दे पाठवतेय. निदान पहिले दोन तरी पाठ कर गं. माझं सगळं तुझ्यावर आहे.

धडधडत्या छातीची,
टिटवी

२५ जुलै

चिरंजीव टिटवीस,

तुझ्या मुद्द्यांत काकांनी शेंगदाणे बांधले. मी काही बोललेच नाही.

तुमचे अध्यक्ष आले. बूट असे चकचकीत की त्यात आमचं पेरूचं झाड दिसत होतं. ओट्यावर खुर्ची दिली तर आधी रुमालाने पुसली. बसल्याबरोबर म्हणाले, "बाई, केंद्राचा तुम्हाला उपयोग काय झाला, एका वाक्यात सांगा." मी खाली पडलेला एक पेरू उचलला, सुरी दिली आणि म्हटलं, "हा का पडला असेल हो?"

म्हणाले, "पिकला म्हणून." म्हटलं, "असेल. चिरा की." चिरला आणि खुर्चीसकट मागे सरकले. मी म्हटलं, "अय्या! आता याचं काय करावं?" म्हणाले, "फेकून द्या." "कुठे?" त्यांनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे मास्तर कमरेवर हात ठेवून उभे. म्हटलं, "आणि त्या अळ्या पुढे कुठे जात असतील?" मी परात आधीच तयार ठेवली होती, फडकं बांधून. आठवडाभर आधी नको का ठेवायला! फडकं जरासं उचललं, तर एक माशी बरोबर त्यांच्या नाकासमोरून उडाली. ते परातीकडे बघत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे हे उचलायला हवं. मातीत जायच्या आत." मग म्हणाले, "पण तुम्ही एकट्याने उचलून चालणार नाही!" आणि खुर्चीतून उठलेच. मी तुझ्या बाईंकडे बघितलं, तिने माझ्याकडे. दोघींना हसू आवरेना. आम्ही दोघींनी चहाच्या कपात तोंड घातलं.

मग अर्धी दुपार तो माणूस मास्तरांच्या बागेत वाकून पेरू वेचत होता. कोट फांदीला अडकवून. शिंपीणबाई त्यांना ओरडून सांगत होती, "अहो, तो डाव्या हाताचा राहिला!" जाताना बूट ओळखू येत नव्हते. केंद्राबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी म्हटलं, गेलं तुझं केंद्र. पण टिटवे, मी पुढे काही बोलले असते तर सगळं बिघडलं असतं. मनातून मात्र फार घाबरले आहे. काय झालं ते लगेच कळव.

आत्या

३ ऑगस्ट

आत्या,

काल मंडळाची बैठक झाली. मी मागे उभी होते, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन, कारण प्रोजेक्टर चाललाच नाही.

अध्यक्ष उठले. आधी खिशातून एक पेरू काढून टेबलावर ठेवला. मग सुरी. शेजारच्या सदस्याला म्हणाले, "हा का पडला असेल हो?" आत्या, अगदी तुझ्यासारखं! त्या बिचाऱ्यांनी चिरला आणि सगळे खुर्च्यांसकट मागे. मग अध्यक्षांनी सगळं समजावलं, मातीत शिरणाऱ्या अळ्या, काळी पिशवी, शेजाऱ्याची बाग. म्हणाले, "बारकाईने बघितल्यावर माझ्या असं लक्षात आलं की नुसतं संशोधन करून भागत नाही, ते लोकांच्या अंगणात जाऊन बसायला हवं. विद्यापीठाला यासाठी केंद्राची गरज आहे. ही कल्पना मी आज मंडळापुढे मांडतो." ऐकतेयस ना? कल्पना! मांडतो! आणि शेवटी म्हणाले, "केंद्र बंद करावं असं मला कधीच वाटलं नव्हतं."

एकमताने मंजूर. केंद्र राहिलं. शिवाय बाहेरच्या बाकावर छप्पर घालणार आहेत.

मी रागाने लालबुंद. बाईंना म्हटलं, आत्याचं नाव नाही, तुमचं नाव नाही, सगळं श्रेय आपल्या खिशात! हे पत्रकात तरी छापू या. बाई भिंग पुसत म्हणाल्या, "आपलं काम झालं की असंच दिसतं. आत्यांना विचार." तर विचारतेय. काय करू?

केंद्रातच राहिलेली,
टिटवी

९ ऑगस्ट

चिरंजीव टिटवीस मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र काकांनी आळीभर वाचून दाखवलं. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं पत्र उघडून वाचायला मिळालं म्हणून खूश होते.

काय करू म्हणतेस? काही करू नकोस. त्या माणसाला वाटू दे की कल्पना त्याची आहे. जे आपलं वाटतं तेच माणूस सांभाळतो. तो आता तुमच्या केंद्राला स्वतःच्या लेकरासारखा जपेल बघ. मीसुद्धा बुधवार जपलाच ना?

पत्रकात एवढंच लिही: "अडलं तर या. आम्ही विचारू, तुम्ही शोधा, शेजाऱ्याला सांगा." खाली पत्ता. संपलं. एका वाक्यापेक्षा थोडं जास्त झालंय, पण तुझ्यापेक्षा कमीच.

पेरू उतरायला लागलाय. एक पेटी पाठवतेय, केंद्रासाठी. एकही किडका निघणार नाही. निघालाच तर मास्तरांच्या बागेतला समज.

आणि तुझ्या बाईंना सांग, पुढच्या बुधवारी या. डाळिंबाची पानं पिवळी का पडतात, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही हं. नाहीतर तिला वाटायचं, मी आता तिच्यासारखी विचारायला शिकले.

तुझी,
आत्या